ओसेरचा सामना आणि आमची शेवटची आवृत्ती

20 मे 2012, रविवार. मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर मी उपसंपादक होते आणि त्या रात्री पान माझ्याकडे होतं. संध्याकाळच्या बैठकीतच ते जवळजवळ भरलं होतं. दुपारी हैदराबादला डेक्कन चार्जर्सनी बंगळुरूला हरवून आयपीएलबाहेर काढलं होतं. रात्री जयपूरला मुंबई इंडियन्सचा सामना होता. शिवाय आदल्या रात्री म्युनिकमध्ये चेल्सीनं बायर्नला त्यांच्याच मैदानावर पेनल्टींवर हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती, त्याचा सविस्तर मजकूर आणि फोटो लावायचे होते. मला हवी होती तळाची तीन कॉलम, फ्रेंच फुटबॉल लीगच्या शेवटच्या फेरीसाठी.

रात्रपाळीप्रमुखांनी डमीवरून, म्हणजे पानाच्या आराखड्यावरून, मान वर केली. "फ्रेंच लीग? आणि सामना किती वाजता?"

"साडेबाराला सुरू होतो, सर."

"म्हणजे संपणार सव्वादोन-अडीचला. काल चेल्सीसाठी शेवटची आवृत्ती अडवलीत, छपाईवाल्यांनी मला फोनवर काय काय ऐकवलं ते तुला सांगत नाही. आज परत?"

त्यांचं चुकत नव्हतं. चेल्सीला मुंबईत चाहते आहेत. दादरपासून डोंबिवलीपर्यंत पोरं निळे टी-शर्ट घालून फिरतात. त्या रात्री विजेतेपदाच्या दारात असलेल्या मोंपेलिए या फ्रेंच क्लबचा टी-शर्ट घातलेला माणूस मी मुंबईत पाहिला नव्हता. पण तो अख्खा मोसम मी वृत्तसंस्थेच्या, म्हणजे एजन्सीच्या, बातम्यांमधून ऑगस्टपासून वाचत आले होते. कॉलेजात असताना फ्रेंच शिकले होते, म्हणून डेस्कवर ते खातं आपोआप माझ्याकडे आलं होतं. बहुतेक आठवडे त्याची एक संक्षिप्त बातमी व्हायची, कधी तीही नाही. मी सरांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण त्याशिवाय त्या रात्रीचा जीव कळणार नाही.

2011च्या उन्हाळ्यात कतारच्या पैशानं पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी, विकत घेतलं. हाविएर पास्तोरे या एका खेळाडूवर त्यांनी 4 कोटी 20 लाख युरो टाकले. मोंपेलिएचा वर्षभराचा सगळा खर्च त्याहून कमी होता. डिसेंबरअखेर पीएसजी तक्त्यात पहिलं होतं, तरी प्रशिक्षक आंत्वान कोंबुआरे यांना घरी पाठवून कार्लो आन्सेलोटींना आणलं गेलं. पहिला नंबर असताना प्रशिक्षक काढतात, ही बातमी मी तेव्हा मोठी करायला सांगितली होती आणि ती झालीही होती.

दुसरीकडे मोंपेलिए. 2009मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला क्लब, आदल्या मोसमात चौदावा. अध्यक्ष लुई निकोलाँ, कचरा उचलण्याच्या धंद्यात मोठा झालेला माणूस, 1974पासून हा क्लब चालवणारा. प्रशिक्षक रने जिरार. संघातली निम्मी पोरं क्लबच्याच अकादमीत वाढलेली. बेल्हांदा, स्ताम्बुली, काबेला, एल काउतारी ही सगळी 2009 साली देशातली युवा स्पर्धा एकत्र जिंकलेली मुलं. कप्तान यांगा-म्बिवा आणि गोलरक्षक जुर्दरँ हेही तिथलेच. आघाडीला ऑलिव्हिए जिरू, दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या श्रेणीतल्या तूर संघात खेळत होता, आता लीगमध्ये त्याच्या नावावर 21 गोल. त्या मोसमात पीएसजीशी दोनदा गाठ पडली आणि मोंपेलिएला एकदाही जिंकता आलं नाही. सप्टेंबरात स्वतःच्या मैदानावर 0-3 असा मार खाल्ला, फेब्रुवारीत पॅरिसमध्ये 2-2 अशी बरोबरी. तरीही ते पुढे होते. कारण उरलेल्या अठरा संघांशी ते दर आठवड्याला नेटानं खेळत राहिले. लीग जिंकायची खरी रीत हीच, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आदल्याच रविवारी त्यांनी गतविजेत्या लीलला 1-0 हरवलं होतं. गोल भरपाई वेळेतला, करीम आइत-फाना याचा, जिरूनं चेंडू दिलेला. ती बातमी आमच्याकडे चार ओळींत गेली होती.

सर ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो खरा पत्रकाराचा प्रश्न होता. "पीएसजी अजून जिंकू शकतं का?"

मी कागद ओढला आणि मांडून दाखवलं. मोंपेलिए 79, पीएसजी 76. गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा, दोघांचाही अधिक 33. मोंपेलिएनं नुसती बरोबरी केली तर 80 गुण आणि विषय संपला. पण मोंपेलिए हरलं आणि पीएसजी जिंकलं तर दोघेही 79वर येणार. गुण सारखे झाले की गोलफरक बघतात, आणि तो मोंपेलिएचा घटणार, पीएसजीचा वाढणार. म्हणजे अडतीस सामन्यांचा निकाल शेवटी एका गोलावर.

सरांनी कागद बघितला, चष्मा काढून पुसला. "तीन कॉलम दिली. बाहेरगावच्या डाक आवृत्तीला आणि उपनगर आवृत्तीला तू आधी लिहिलेला मजकूर जाऊ दे. शहर आवृत्तीला अडीचपर्यंत थांबतो. अडीच म्हणजे अडीच."

साडेअकराच्या सुमारास जयपूर संपलं. सचिन आणि ड्वेन स्मिथ या सलामीच्या जोडीनंच काम तमाम केलं, मुंबई दहा गडी राखून. ती बातमी लिहिताना वेळ लागला नाही. असा सामना उपसंपादकाला आशीर्वादच. साडेबाराला डाकचं पान सोडून मी एजन्सीच्या स्क्रीनसमोर बसले. ऑफिसच्या टीव्हीवर तो सामना लागत नव्हता. मला दिसत होत्या त्या फक्त येणाऱ्या ओळी, आणि शेजारच्या खिडकीत फ्रेंचमधलं मिनिटामिनिटाचं वर्णन.

दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. मोंपेलिए ओसेरला, पीएसजी लोरियाँला. विसाव्या मिनिटाला पहिली ओळ आली: ओसेर 1, मोंपेलिए 0, कापो. पान लावणारा आमचा ऑपरेटर, सगळे त्याला भाऊ म्हणायचे, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "ताई, आता?" मी म्हटलं, पीएसजीचा गोल होत नाही तोवर काही बदलत नाही. आणि थोड्याच वेळात लोरियाँनं पीएसजीवर गोल केला. बत्तिसाव्या मिनिटाला जॉन उटाकानं ओसेरला बरोबरी साधली. उटाका नायजेरियाचा, 2008मध्ये पोर्ट्‌समथबरोबर इंग्लंडचा एफए कप जिंकलेला. जिरू आणि बेल्हांदाच्या नावांची चर्चा वर्षभर. हा त्यांच्या सावलीतला.

इथवर सगळं हिशेबात होतं. मग स्क्रीनवर आलं: सामना थांबवला.

ओसेरचा संघ आधीच दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. जेमतेम पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं गाव, 1980पासून सलग 32 वर्षं पहिल्या श्रेणीत. गी रू या एका माणसानं चार दशकं त्या क्लबला हातावर वाढवलं, 1996ला विजेतेपद मिळवून दिलं. दीडच वर्षापूर्वी हाच संघ चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद आणि एसी मिलानशी खेळत होता. आणि आता तळाला, विसावा. प्रेक्षकांच्या रागाला त्या रात्री तोंड फुटलं. मैदानात टॉयलेट पेपरची भेंडोळी, टेनिसचे चेंडू, अंडी, पेटत्या नळकांड्या. मला त्यांचं दुःख समजत होतं. इतक्या वर्षांचं घर डोळ्यांदेखत उतरतंय, आणि त्याच अंगणात दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाची तयारी चाललीय. तरीही, अकरा पोरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना रोखून धरायचा हक्क त्यानं कुणाला मिळत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा थांबला.

तिकडे लोरियाँला मात्र घड्याळ नीट चाललं होतं. दुसऱ्या सत्रात पास्तोरेनं बरोबरी केली, मग थियागो मोटाचा गोल. पीएसजी 2-1. मी कागदावर पुन्हा बेरीज केली, गरज नव्हती तरी. मोंपेलिए 80, पीएसजी 79. ओसेरनं आता एक गोल केला की विजेतेपद पॅरिसला.

भाऊनं पानाच्या तीन प्रती करून ठेवल्या होत्या. एकीत मथळा 'मोंपेलिए विजेते', दुसरीत 'पीएसजी विजेते', तिसरीत 'मोंपेलिए एका गुणानं पुढे, सामना रखडला'. पीएसजीचा मजकूरही मी तितकाच नीट लिहिला होता. 1994नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद ठरलं असतं, तेही त्यात होतं. वाचकाला उपसंपादकाच्या आवडीनिवडीशी देणंघेणं नसतं.

लोरियाँला शेवटची शिट्टी वाजली. पीएसजीचे खेळाडू आपलं काम करून मोकळे, आणि ओसेरला अजून खेळ बाकी. भिंतीवरचं घड्याळ अडीचच्या पुढे सरकलं. सर आपल्या जागेवरून उठले आणि माझ्यापाशी न येता सरळ फोनकडे गेले. मला वाटलं, संपलं.

त्यांनी नवी मुंबईतल्या छापखान्याला फोन लावला होता. पलीकडचा आवाज मला तीन टेबलांवर ऐकू येत होता. गाड्या वेळेवर सुटल्या पाहिजेत, पहाटे चारला विक्रेते नाक्यावर उभे असतात, गठ्ठे उशिरा आले की ते दुसरा पेपर पुढे करतात. सगळं खरं. सर शांतपणे म्हणाले, "अहो, थांबा म्हणतच नाहीये. रखडल्याचं पान आत्ता सोडतो, मशीन चालू करा. निकाल आला की नवं पान पाठवतो, चालू छपाईत फक्त ती एक प्लेट बदला. एकदाच." बराच वेळ पलीकडून काही नाही. मग, "कागद वाया जातो, साहेब." "जातो. माझ्या नावावर लिहा."

तिसरं पान गेलं. छपाई सुरू झाली. आणि आता आमच्याकडे होता तो फक्त पहिल्या हजारो प्रती बाहेर पडायला लागतो तेवढा वेळ.

उटाकाचा दुसरा गोल आला तेव्हा वर्णनात सामन्याचं मिनिट होतं 76. ओसेर 1, मोंपेलिए 2. सकाळची पानं आटोपून कधीच मोकळी झालेली जनरल डेस्कची माणसंही आता आमच्याभोवती जमली होती. त्यातल्या अर्ध्यांना संध्याकाळी मोंपेलिए फ्रान्सच्या दक्षिणेला की उत्तरेला, हेही सांगता आलं नसतं. "दक्षिणेला," मी विचारणाऱ्याला सांगितलं, "समुद्रापासून जवळ." मग कुणीतरी निकोलाँबद्दल विचारलं आणि मी सांगितलं की विजेतेपद मिळालं तर डोकं भादरून मधे तुरा ठेवणार आणि तो क्लबच्या रंगात रंगवणार, असं ते जाहीरपणे बोलून बसलेत. वय अडुसष्ट. यावर पंख्याखालचे सगळे जागे झाले.

शेवटची शिट्टी झाल्याची ओळ आली. मी ती दोन्हीकडे तपासली, एजन्सीच्या स्क्रीनवर आणि फ्रेंच खिडकीत. मोंपेलिए 82, पीएसजी 79. तयार मजकुरात मी गुण भरले, उटाकाचं नाव पहिल्या ओळीत वर आणलं, ओसेरच्या प्रेक्षकांचा परिच्छेद छोटा केला पण काढला नाही. गोलफरक दोघांचाही अखेर अधिक 34 झाला होता. तेही एका वाक्यात बसवलं, कारण आकडे सांभाळणारे वाचक असतात आणि ते आमचे सगळ्यात निष्ठावान वाचक आहेत. भाऊनं फोटोची चौकट रिकामीच ठेवली होती. एजन्सीचा पहिला फोटो येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे जिरूचा जुना फोटो गेला. उटाकाचा हवा होता, फाइलमध्ये सापडला नाही. आजही ते मला खटकतं. दोन्ही गोल त्याचे होते.

सरांनी मथळा वाचला, एक शब्द बदलला, पान गेलं. छापखान्यातून फोन आला तो फक्त "बदलली" एवढंच सांगायला.

शेवटी छापलेल्या प्रती जवळच्या भागात जातात. त्यामुळे दादर-गिरगावच्या वाचकांना 'सामना रखडला' मिळालं आणि वाशी-नेरुळकडच्यांना विजेता. दुसऱ्या दिवशी दुपारी नेरुळहून एका कॉलेजच्या मुलाचा ऑफिसात फोन आला, क्रीडा डेस्क द्या म्हणून. त्याला आश्चर्य वाटलं होतं की इतक्या रात्रीचा निकाल मराठी पेपरात कसा. त्यानं बेल्हांदाबद्दल विचारलं, जिरू कुठे जाणार म्हणून विचारलं. त्याला फ्रेंच लीग आवडायची, आणि मराठीत त्यावर कुठे काही वाचायला मिळत नाही अशी त्याची तक्रार होती. मी सरांना फोन स्पीकरवर ऐकवला.

त्या उन्हाळ्यात जिरू आर्सेनलला गेला. पुढच्या वर्षीपासून पीएसजीनं विजेतेपदं अशी काही उचलली की मोनाकोचं 2017 आणि लीलचं 2021 ही बोटावर मोजण्याजोगी सुटका ठरली. मोंपेलिएला ते पुन्हा जमलं नाही. त्या आठवड्यात मात्र निकोलाँनी शब्द पाळला: डोक्यावर निळा आणि नारिंगी तुरा. फोटो आला तेव्हा मी काही मागायच्या आत सर म्हणाले, "दोन कॉलम, रंगीत, पानाच्या वरच्या अर्ध्यात. आणि खाली ओळ तू लिही."