मान एकीची, चेहरा दुसरीचा

दुपारचे अडीच. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. अशा वेळी नागपुरात कुणी कुणाकडे जात नाही. तरी भाची आली, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे. दुपट्टा सोडायच्या आधीच तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मावशी, पाय न! भुतासारखी दिसून राहिली मी."

परवाच्या रिसेप्शनचे फोटो. वर्धा रोडवरचं लॉन, मोरपंखी साडी, आणि चेहऱ्यावर पिठाची चाळणी उपडी झालेली. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही अंगांना पांढरे चट्टे. आरशात तर छान दिसत होतं म्हणे. खोटं नव्हतं ते. बिनफ्लॅशच्या फोटोंत ती खरंच गोड दिसत होती.

कारणही तिनंच सांगितलं. सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नाहीतर झिंक ऑक्साइड, वरून थापलेल्या बारीक पावडरीत सिलिका. खोलीतला उजेड चहूकडून येतो, त्यात हे कण लपून जातात. फ्लॅश मात्र लेन्सला चिकटून बसलेला. त्याचा झोत कणांवर आपटतो आणि आला तसा लेन्समध्ये परत. रात्री आठच्या रिसेप्शनला सनस्क्रीन कशाला, हे मी विचारलं नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या मुली सनस्क्रीन लावताना घड्याळ बघत नाहीत.

माझं आपलं बरं आहे. फ्लॅश पडला की माझे डोळे मिटतातच. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी निम्मा वेळ झोपलेली आहे.

आत्याचं तसं नव्हतं. ती डोळे टक्क उघडे ठेवायची.

1986 साल असेल. स्थळांना पाठवायला तिचा फोटो काढायचा होता. महाल भागातल्या एका स्टुडिओत आजी, आत्या आणि लुडबूड करायला मी. पडद्याआड एक खण होता, त्यात आरसा, वर साठ वॉटचा पिवळा दिवा. सुतळीला बांधलेला कंगवा, त्यात कुणाकुणाचे केस. आणि पावडरचा डबा, त्यातलं फूल इतकं वापरलेलं की त्याला मधोमध टक्कल पडलेलं. आत्या सावळी. आजीनं आधी हळूहळू लावली, मग डोकं मागे घेऊन बघितलं, मग पुन्हा लावली. पिवळ्या उजेडात पावडर काही उठून दिसेना, म्हणून आणखी. माझ्याही गालावर एक फूल आपटलं, मला शिंका आल्या.

फोटोग्राफर भला माणूस. म्हणाला, "आई, पावडर थोडी पुसून घ्या जी, फ्लॅशमध्ये पांढरी येते."

"येऊ द्या," आजी म्हणाली. "पांढरीच पाहिजे."

चार दिवसांनी पोस्टकार्ड साइजच्या तीन प्रती आल्या. चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा, कान आणि मान आत्याच्या. पावडर हनुवटीच्या खाली पोचलीच नव्हती. मी खूप हसले, आत्याही हसली. आजीला फोटो पसंत पडला.

फोटो एका घरी गेला, तिथून माणसं बघायला आली. आत्यानं पोह्यांच्या बश्या आणल्या, खाली बघत बसली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा आत्याकडे. "फोटोत उजळ वाटली होती," एवढंच म्हणाली. वाईट आवाजात नाही, अगदी साधेपणानं, भाजीवालीला म्हणावं तसं. पोहे संपवले त्यांनी. आठवड्यानं पाकीट परत आलं.

पुढे आत्याचं लग्न झालं, चांगलं झालं. पण घरच्या कुठल्याही कार्यात ग्रुप फोटोची हाक आली की ती "पाणी बघते" म्हणून उठते. अजून उठते. परवाही लॉनवर उठली होती.

"मावशी, एडिट करून होईल का गं नीट?" भाची विचारत होती.

आत्याच्या त्या तीन प्रतींतली एक माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. काढून दाखवावी असं एकदा मनात आलं. तेवढ्यात कूलर कोरडी हवा फेकायला लागला. पाणी संपलं होतं. मी पाइप लावायला उठले.