तुम्ही विचारलंत म्हणून: भोगी-संक्रांतीचं निवांत ताट

"भोगी-संक्रांतीला दहा माणसं जेवायला असतात. सणासारखं वाटेल, पचायला हलकं असेल आणि करणारीला दिवसभर ओट्याशी बांधून ठेवणार नाही, असं काय करावं?" जानेवारी जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो.

पदार्थ किती, यापेक्षा ऐन पानं वाढताना किती करावे लागतात, ते आधी पाहा. सोलापुरात तर पाहायलाच हवं. याच दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि नंदीध्वजांची मिरवणूक पाहून कोण केव्हा घरी येईल याचा नेम नसतो. भजी-वडे-पुऱ्या तेवढा वेळ थांबत नाहीत, मऊ पडतात आणि कढई पुन्हा चढते. म्हणून तळण पूर्ण काढून टाका. शेंगापोळी, भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगाचटणी, मुगाची खिचडी आणि ताक, एवढ्यात ताट भरतं.

शेंगापोळी आदल्या दिवशीच करून ठेवा. ती आठवडाभर टिकते. ५०० ग्रॅम शेंगदाणे, ४०० ग्रॅम मऊ गूळ आणि ५०० ग्रॅम कणीक यांत २०-२२ लहान पोळ्या होतात. दाणे मंद आचेवर भाजा, सालं काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई झाली की पोळी बिघडते: गरम दाणे मिक्सरमध्ये तेल सोडतात, कुटाचा लगदा होतो आणि लाटताना पोळी फुटते. कूट थांबत थांबत फिरवा, मग किसलेला गूळ आणि वेलदोडा घालून पुन्हा एकदा फिरवा. गुळाचा एक खडा राहिला तरी तो तव्यावर वितळून बाहेर येतो, जळतो आणि पुढची प्रत्येक पोळी चिकटते, तेव्हा सारण हाताने चोळून पाहाच. कणीक आणि सारण सारखंच मऊ हवं. कणीक घट्ट असेल तर सारण कडेपर्यंत पोचत नाही. आच मध्यमच्या खाली ठेवा. भाजलेल्या पोळ्या गार झाल्याशिवाय एकावर एक रचू नका, वाफ कोंडली की लवकर बुरशी येते.

अशी एक पोळी साधारण २७० कॅलरींची होते, तूप वेगळं. म्हणून पानात आधी अर्धीच वाढावी. मधुमेह असलेल्यांनी "गूळच आहे" म्हणून सैल सोडू नये, गुळानेही साखर वाढतेच.

भाजीला दहा जणांसाठी सोलाणे आणि पावटे २००-२०० ग्रॅम, घेवडा आणि गाजर २५०-२५० ग्रॅम, लहान वांगी ३०० ग्रॅम, मूठभर ओले शेंगदाणे, थोडी बोरं आणि उसाचे करवे पुरतात. सोलणं-निवडणं आदल्या रात्री उरकावं; वांगी मात्र फोडणीच्या वेळीच चिरा. सगळं एकदम घातलं तर वांग्याचा गाळ होतो आणि पावटा कच्चा राहतो. आधी पावटे, सोलाणे आणि दाणे अर्धवट शिजवा, मग घेवडा आणि गाजर, शेवटच्या दहा मिनिटांत वांगी, बोरं आणि ऊस. चिंच त्यानंतरच, कारण आंबटात पावटे शिजायचे थांबतात. तेल चार मोठे चमचे बस होतं. वर लाल तवंग दिसावा म्हणून वाटीभर तेल ओतायची गरज नाही. तीळ आणि शेंगदाण्याचं मिळून १०० ग्रॅम कूट घातलं की रस्सा दाटही होतो आणि त्यातलं तेलही सुटतं. कूट आणि काळं तिखट शेवटी घाला. आधी घातलं तर बुडाला लागतं. ही भाजी दोन तास थांबली की उलट मुरते.

बाजरी फार तर दोन-तीन दिवस आधी दळून आणा. या पिठात तेल जास्त, ते लवकर खवट होऊन भाकरी कडू लागते. एक किलोत दहा-अकरा भाकरी होतात, आणि कढत पाण्यात मळलं की थापताना कडा चिरत नाहीत. भाकरी हेच शेवटच्या तासाचं एकमेव काम उरतं. तेही नको असेल तर कडक भाकरी विकत आणा. बाजारात सहज मिळते, आठवडाभर आधी आणली तरी चालते, आणि रश्श्यात चुरून पाहुणे ती आवडीने खातात. यात कमीपणा मानू नये.

शेंगाचटणी दोन दिवस आधी कुटावी. तिच्यात मीठ असतं, म्हणून भाजीत मीठ जरा हात आखडूनच घाला. खिचडीला दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ पुरे, कारण भाकरीनंतर भात फारसा जात नाही. ती थांबली की घट्ट होते; शेजारी आधण ठेवा. आणि दुसरं गोड करू नका. जेवणानंतर गोड हवंच असेल तर आपल्याकडची डाळिंबं सोलून दाणे ठेवा.