इंदूर ते लेह : तंबूतली रात्र नंबर 7 ते 11

तर मंडळी, मागे लिहिलं होतं तसं तंबूत झोपायचा सराव म्हणून मालव्यात सहा रात्री झाल्या होत्या, दोन घराच्या गच्चीवर (हसू नका, गच्चीवरसुद्धा झोप लागत नाही पहिल्यांदा), दोन चोरलच्या बाजूला आणि दोन जानापावच्या डोंगरावर (दोन्ही इंदूरजवळच), आणि त्या जोरावर मी आणि वहिनी सप्टेंबरात लेहला जाऊन आलो. वहिनी म्हणजे माझी सख्खी भावजय, वय 52, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि अजूनही मला चिडवायला "वन्सं" म्हणते. घरचे दोन्ही पुरुष "तुम्हीच जा बाई" म्हणून मोकळे झाले. जानापावला पोरांचा एक घोळका आम्हाला बघून "अरे भिया, मौसी लोग टेंट लगा रहे" म्हणून फोटो काढून गेला होता, त्यातला एक नंतर खुंट्या ठोकायला मदत मागायला आला ही गोष्ट वेगळी.

आधीच सांगते, जानापाव-चोरलला जे काही शिकलो त्यातलं अर्ध्याहून जास्त तिकडे उलटं निघालं. इंदूर साधारण 550 मीटरवर, लेह 3500. आपल्याकडे तंबूचा शत्रू पाऊस, तिकडे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्याकडे जुलैत एका दिवसात कधीकधी पडतो तेवढा. हिमालय ओलांडून मान्सूनचे ढग पलीकडे पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात, म्हणून एवढ्या उंचीवर बर्फाच्या डोंगरांच्या मधोमध वाळवंट. तिथे त्रास वाऱ्याचा, उन्हाचा, कोरडेपणाचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या स्वतःच्या डोक्याचा, म्हणजे डोकेदुखीचा.

पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं, ही या ट्रिपमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. दिल्लीहून पहाटेच्या विमानाने सव्वा तासात तुम्ही एकदम साडेतीन हजारावर उतरता, हवेचा दाब इथल्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी, शरीराला सूचनाच मिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी दोघींना डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगितली होती, आदल्या दिवसापासून (सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरला सांगा, आणि मनाने घेऊ नका). बोटांना मुंग्या येतात, रात्रीत चार वेळा उठावं लागतं, आणि सोड्याची चव विचित्र लागते, वहिनी म्हणाली शिळा आहे, दुकानदाराशी वाद घालायला निघाली होती, मी थांबवलं. तिसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो, पाचशेच्या वर आहेत, दर पन्नासला थांबत. वर पोचलो तेव्हा धाप होती पण डोकं शांत, म्हटलं पास.

रात्र 7 गेस्ट हाऊसच्या मागच्या वाफ्यात, मालकाच्या परवानगीने, पॉपलरच्या झाडांखाली. मुद्दाम. काही बिघडलं तर भिंतीपलीकडे गादी आहे. आणि बिघडलंच.

खुंट्या! आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खुंटी अंगठ्याने दाबली तरी आत जाते (आणि तितक्याच प्रेमाने बाहेरही येते). तिकडे वरचे दोन इंच धूळ आणि खाली गोटे. माझ्या ॲल्युमिनियमच्या आठ खुंट्यांपैकी तीन पहिल्या संध्याकाळी वाकल्या, एक तर चक्क प्रश्नचिन्हासारखी. मग छोटा दगड-मोठा दगड पद्धत केली, जी वाचली होती पण मालव्यात कधी गरज पडली नव्हती. दोरीच्या टोकाला मोठा फास करायचा, त्यात नारळाएवढा दगड किंवा जाड काटकी अडकवून जमिनीवर ठेवायची, आणि तिच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच एक मोठा धोंडा. वाऱ्याने दोरी ओढली की छोटा दगड मोठ्याला जाऊन भिडतो आणि हलत नाही. नुसता मोठा दगड दोरीला बांधला तर दोन गोष्टी होतात, एक तर दगडाच्या धारेने दोरी झिजते (माझी एक अर्धी कापली गेली), दुसरं म्हणजे ताण कमी-जास्त करायला दर वेळी धोंडा उचलावा लागतो, आणि तिथे धोंडा उचलणं म्हणजे पाच मिनिटं बसून श्वास घेणं. सकाळी निघताना दगड जिथले तिथे परत ठेवले, वहिनीचा आग्रह.

वारा दुपारनंतर सुटतो, रोज, घड्याळ लावल्यासारखा. म्हणून तंबू सकाळी गार असताना लावा किंवा वारा पडल्यावर, दुपारी चारला उघड्यावर लावायला गेलात तर पतंग उडवल्याचा आनंद मिळेल.

त्यानंतर शाम व्हॅलीची, लेहजवळच्या गावागावांतून जाणारी पायवाट. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, मग तेमिसगाम. लोक याला बेबी ट्रेक म्हणतात. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी तंबू पाठीवर घेतला नसणार. खिंडी सगळ्या चार हजाराच्या आतल्या, मुक्काम साडेतीन हजाराच्या मागेपुढे, गावात होमस्टे असतात आणि गाडीरस्ताही फार लांब नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना हाच सुचवीन. दोघींच्या पाठीवर मिळून 19 किलो, त्यात तंबू 2.4 आणि कुकर 1.1. हो, कुकर. त्यावर येतेच.

लिकिरला मठाशेजारची मैत्रेयाची सोनेरी बसलेली मूर्ती लांबूनच दिसते, 23 मीटर उंच, तिच्याकडे बघत बघत गावाजवळ शेताच्या कडेला तंबू लावला. सातू कापून झाला होता. रात्र 8 बद्दल एकच सांगण्यासारखं, ठिणग्या. रात्री अंधारात जॅकेट काढलं तर चटचट आवाज आणि निळ्या ठिणग्या, स्लीपिंग बॅगवरून हात फिरवला की परत. वहिनी घाबरून "गॅस बंद केला होता ना?" हवा इतकी कोरडी की नायलॉनवर घासून जमलेली वीज कुठे जातच नाही. चोरलला सकाळी तंबूच्या आतून पाणी ठिबकत होतं, इथे आतली बाजू खडखडीत. धुतलेले मोजे तासाभरात वाळतात, पण नाकातून रक्त येतं. माझी व्हॅसलिन गेस्ट हाऊसवरच राहिली. वहिनीने डबीतून साजूक तूप काढून बोटाने नाकात लावलं, माझ्याही, आणि दोघींचं रक्त थांबलं. तूप आता कायमचं यादीत.

आता स्वयंपाक, कारण पोटाचा प्रश्न आहे. विमानात गॅस कॅनिस्टर नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना खालच्या सामानात, म्हणून स्टोव्हचं नुसतं डोकं नेलं आणि 230 ग्रॅमचे दोन कॅनिस्टर लेहच्या बाजारातून घेतले. स्टोव्हचं खटक्याचं बटण, जे जानापावला पहिल्या खटक्यात पेटायचं, लेहला पाच-सहा खटके घ्यायचं आणि यांगथांगला पेटलंच नाही, विरळ हवेत ही बटणं दगा देतात असं नंतर कळलं. काडेपेटी ठेवा. कॅनिस्टर मी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपले. साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचं बंद करतं, आयसोब्युटेन उणे 11-12 पर्यंत चालतं, प्रोपेन त्याहून कितीतरी खाली. उंचीवर बाहेरचा दाब कमी म्हणून थोडी सवलत मिळते, पण सकाळी सहाला चहासाठी सवलतीच्या भरवशावर कोण राहणार.

पाणी तिथे 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे बुडबुडे येतात पण डाळ शिजत नाही. कुकर नसता तर खिचडी झालीच नसती, कुकरमध्येही मुगाच्या खिचडीला इथे तीन शिट्ट्या तर तिथे सहा, आणि बारका बर्नर, त्यामुळे गॅस बघता बघता संपतो. दोन रात्री खिचडी केली आणि पहिला कॅनिस्टर खल्लास.

आणि मग यांगथांगला साक्षात्कार झाला की आपण इंदूरचे लोक, आपल्याला काय कमी आहे! पोहे. पोहे मुळात आधीच भिजवून भाजून कुटलेले असतात, त्यांना उकळी लागतच नाही. पोहे भिजवले, फोडणी अर्ध्या मिनिटात, कांदा, वर शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला). गॅस नाममात्र. होमस्टेच्या आमा-ले, म्हणजे तिथल्या घरधनीण बाई (आईला, वयस्क बाईला तिकडे आदराने असं म्हणतात), बघायला आल्या, एक घास खाऊन जिरावणाची पुडी हातात घेऊन वास घेत राहिल्या. पुडी अर्थातच तिथेच ठेवून आलो. पुढच्या वेळी कुकर घरी, पोहे दुप्पट. सकाळ-संध्याकाळ पोहे खायला ज्यांना त्रास होतो त्यांनी इंदूरचं नाव सांगू नये.

शेवेची गोष्ट मात्र राहिली. शेवेची पाकिटं लेहला उतरेपर्यंत फुगून उशीसारखी होतात, बाहेर दाब कमी म्हणून आतली हवा पसरते. मी तंबूत दातांनी उघडलं. फाट्! लसणी शेव दोन्ही स्लीपिंग बॅगांत, वहिनीच्या केसांत, एक माझ्या कानात. तीन दिवस पाठीला टोचत होती.

रात्र 9, जी खरं तर या लॉगमधली मुख्य नोंद. यांगथांग गावाच्या अलीकडे वहिनीला एक अप्रतिम जागा सापडली, सपाट, मऊ वाळू, खुंट्या अलगद आत, दोन्ही बाजूंनी वाऱ्याला आडोसा. तीन दिवसांत पहिल्यांदा खुंटी आत गेली म्हणून मी तर नाचायचीच बाकी होते. तंबू उभा झाला, चटया आत गेल्या, आणि त्याच आमा-ले वरून हात हलवत आल्या. जुले (तिकडचा नमस्कार) वगैरे काही नाही, सरळ तंबूची दोरी धरली आणि वर चला म्हणून खूण केली. आम्ही म्हटलं शेत आहे का कुणाचं? त्यांनी बाजूच्या दरडीकडे बोट दाखवलं, माझ्या छातीच्या उंचीवर वाळलेल्या काटक्या आणि गवत एका रेषेत अडकलेलं होतं. पाण्याची रेघ! आम्ही नाल्याच्या पात्रात झोपायला निघालो होतो.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. पातालपाणीच्या धबधब्याला वर पाऊस झाला की खाली अचानक लोंढा येतो हे इंदूरच्या शाळकरी पोराला माहीत असतं, मी स्वतः दोनदा लोकांना तिथल्या दगडांवरून उठवलंय. पण आपल्याकडे नदी नदीसारखी दिसते, पाणी असतं, शेवाळ असतं, बेडूक ओरडत असतात. तिथे थेंब नव्हता, आभाळ निळंशार, मग डोक्यात नदी आलीच नाही. वाळवंटात मऊ सपाट वाळू कुणी आणून टाकली हा प्रश्न विचारायला हवा होता, उत्तर पाणी हेच. 2010 च्या ऑगस्टमध्ये 5 आणि 6 च्या मधल्या रात्री लेहला ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली, उघड्या डोंगरांना झाडं नाहीत, माती धरून ठेवणारं काही नाही, पडेल तो थेंब चिखल घेऊन खाली. हे मी जाण्याआधी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि तरी.

सगळं उचलून वर दगडात नेलं, परत छोटा दगड-मोठा दगड, अंधार पडेपर्यंत. त्या रात्री पाऊसबिऊस काही आला नाही. तंबूत थर्मामीटर 1.5 दाखवत होता, बाहेर वाळत टाकलेला वहिनीचा रुमाल सकाळी पापडासारखा कडक.

रात्र 10 हेमिस शुकपाचनला. शुकपा म्हणजे ज्युनिपर, गावाला नावच त्या झाडांवरून, जुनी जुनी झाडं जपून ठेवलीत. इथे एक बोलायचंच आहे. आमच्या शेजारी उतरलेल्या ग्रुपने आल्या आल्या "शेकोटीला लाकूड कुठे मिळेल" विचारलं. अरे बाबांनो, तिथे प्रत्येक विलो-पॉपलर कुणीतरी लावलेला, कालव्याचं पाणी पाजून वाढवलेला असतो, घराच्या छताला जातो, तुमच्या गिटारसाठी नाही. थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची बाटली बॅगेत घ्या, खाली फोमची चटई आणि वर हवेची अशा दोन घाला, जमिनीतून येणारी थंडी ही हवेतल्यापेक्षा वाईट. आणि बायकांसाठी खास, कोरड्या थंडीत काही कुजत नाही, पॅड, वाइप्स सगळं झिपच्या पिशवीत परत लेहला. होमस्टेचे कोरडे संडास वापरा, वास येत नाही, खरंच, माती टाकतात आणि पुढे ते शेतात खत म्हणून जातं.

रात्र 11 तेमिसगाम, खाली आलो म्हणून ऊब, जर्दाळू, छान झोप. 1684 मध्ये लडाख आणि तिबेटचा तह या गावात झाला होता, आमचाही झाला, कुकर पुन्हा आणायचा नाही यावर दोघींची सही.

हिशेब : वाकलेल्या खुंट्या 5, कॅनिस्टर दीड, भांडणं 2 (दोन्ही कुकरवरून). डिसेंबरात जानापावला परत जाणार, थंडीची प्रॅक्टिस म्हणून, आणि या वेळी खुंट्यांशिवाय तंबू उभा करून बघणार, फक्त दगडांवर. पुढच्या वर्षी लडाखमधलंच हानले गाव. तिथे 4500 मीटरवर वेधशाळा आहे, दोन मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, आणि गावाच्या आजूबाजूचा परिसर काळोखासाठी राखीव केलाय, रात्री दिवे जपून लावतात. तिथे मात्र लेहला आणि वाटेत आणखी मुक्काम करूनच चढायचं, रोज झोपायची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही.

यादी वहिनी करतेय. पहिल्या नंबरवर लिहिलंय : शेवेच्या पाकिटांना इंदूरलाच टाचणी मारणे.