शाब्ली: थंडीत पिकणारी द्राक्षं पाहताना

आमची बाग निफाडची. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटे ठिबक सोडायचं, हे लहानपणापासून बघतोय. त्यामुळे फ्रान्सला जायचं ठरल्यावर काका म्हणाले, "पॅरिस तू बघ. मला थंडीतली बाग दाखव." म्हणून बरगंडी या वाइनच्या प्रांताच्या उत्तर टोकाला, शाब्ली गावी गेलो, तेही एप्रिलअखेर.

गावात रेल्वे येत नाही. पॅरिसहून ओसेरपर्यंत गाडी आणि पुढे वीसेक किलोमीटर टॅक्सी. भाड्याची मोटार घेणार असाल तर चालवणारा कोण हे आधीच ठरवा, कारण वाइन चाखायला बोलावतात ते एका घोटावर थांबत नाहीत. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. त्यात थुंकणं अजिबात असभ्य मानत नाहीत. काकांना मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही.

सेराँ नदीचा पूल ओलांडला की समोरच ग्राँ क्रूची, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाच्या बागांची टेकडी. सातही ग्राँ क्रू याच एका उतारावर, मिळून जेमतेम शंभर हेक्टर. पायी चढून जा, चांगले बूट घाला. वेली गुडघ्याएवढ्या, ओळी इतक्या जवळ की ट्रॅक्टर ओळीवरून, वेल पायांमधून जाऊ देत चालतो. मांडव नाही, ठिबकची नळी नाही. माती पांढुरकी, चुनखडीची; वाकून पाहिलं तर दगडात बारीक शिंपले. पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. या मातीत शाब्लीच्या नावाने एकच जात लावतात, शार्दोने.

काका रेंगाळले ते ओळींत मांडलेल्या पॅराफिनच्या डब्यांपाशी. एप्रिलमध्ये वेलीचे डोळे (कोंब) फुटतात आणि नेमकं तेव्हाच दव गोठतं. रात्री शेकड्यांनी हे डबे पेटवतात. काही बागांत उलटा उपाय: तुषार सिंचनाने फुटव्यांवर पाणी मारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आत कोंब शून्याच्या आसपासच राहतो. मात्र सकाळी बर्फ वितळेपर्यंत पाणी बंद करायचं नाही. जवळच्या बेन गावचं तळं याच कामासाठी बांधलंय. "म्हणजे यांचीबी रात्र आपल्यासारखीच जाते की," काका म्हणाले. फरक एवढाच की आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे द्राक्षं काढून झाल्यावरची छाटणी, चाललेली असते, आणि यांचं वर्ष तेव्हा नुकतं सुरू होतं.

थंडीमुळे द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. इथल्या वाइनचे चढत्या दर्जाचे चार प्रकार: पती शाब्ली, शाब्ली, प्रीमिये क्रू, ग्राँ क्रू. या क्रमानेच चाखा. उलट गेलात तर पहिल्या दोन पाणचट लागतील. माझ्या मते पैसे प्रीमिये क्रूवर घालावेत. ग्राँ क्रू कोवळी असताना उघडणं म्हणजे कच्चा आंबा पाडण्यासारखं.

तळघरं बघायची तर आधी वेळ घ्या. दुपारी बारा ते दोन जेवणासाठी बहुतेक दारं बंद, रविवारचं तर धरूच नका. आम्ही एके ठिकाणी न कळवता पोचलो आणि कुत्र्याशिवाय कुणी भेटलं नाही. शाकाहारी असाल तर बेकरीत गुजेर मागा, चीजचे हलके पफ. अंडं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

परतताना भारतात माणशी दोनच लिटर दारू करमुक्त. तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर. काकांनी हा हिशेब विमानतळावर केला.