समुपदेशकाच्या पाठीशी कोण असतं?

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की एखादी आई मला हळूच बाजूला घेते. "तू त्या मुलांच्या सेंटरमध्ये असतेस ना गं? आमच्या ह्याला आणलं तर चालेल का?" मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, १२ ते २५ वयाच्या मुलांसाठी असलेल्या मानसिक आरोग्य केंद्रात फ्रंट डेस्कला आहे. मुलांना तिथे काय मदत मिळते ते सगळेच विचारतात. ती मदत करणाऱ्यांना कोण शिकवतं, कोण सांभाळतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आज त्याबद्दल.

ऑस्ट्रेलियात २००६ साली अशा युवा केंद्रांचं 'हेडस्पेस' नावाचं जाळं उभं राहिलं ते सरकारी पैशावर. त्यामागे मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगॉरी यांचा मोठा वाटा होता. २०१० साली ते 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाले. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते आणि नेमकी त्याच वयाची मुलं लहानांच्या आणि मोठ्यांच्या दवाखान्यांमध्ये अधांतरी राहतात, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले.

आज देशभरात अशी दीडशेहून अधिक केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्र त्या त्या भागातली एखादी संस्था चालवते. पैसा प्रामुख्याने प्रायमरी हेल्थ नेटवर्क या प्रादेशिक यंत्रणेमार्फत येतो. नाव वापरायचा परवाना, कामाची चौकट आणि प्रशिक्षण मध्यवर्ती संस्थेकडून. मानसिक आरोग्य, शारीरिक आरोग्य, व्यसनं, शिक्षण-नोकरी हे चारही विषय एका छताखाली हवेत, ही त्या चौकटीतली मुख्य अट. त्यामुळे आडगावातल्या छोट्या संस्थेलाही शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सायकोसिससारख्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या, गंभीर आजाराची पहिली लक्षणं ओळखून लगेच उपचार कसे सुरू करायचे, हे शिकवायला मेलबर्नचीच ओरिजेन ही संशोधन संस्था आहे.

फ्रंट डेस्कच्या माणसाला कसलं आलंय प्रशिक्षण, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण घाबरलेलं मूल सगळ्यात आधी आमच्यासमोर येऊन उभं राहतं. आम्हाला प्रसंग करून दाखवायला लावतात. एकीने आई व्हायचं आणि फोन करायचा: "माझी मुलगी आज तिथे आली होती का?" मुलीची संमती नसेल तर मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही. तरी त्या माऊलीला झिडकारल्यासारखं वाटता कामा नये. "तिच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, पण तुम्हाला कसली काळजी वाटतेय ते मी जरूर ऐकेन," हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलंय, की आता ते आपोआप येतं. आपल्या आयांना हा नियम बोचतो, ते मी समजू शकते. जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवली जाते, हे मी त्यांना आवर्जून सांगते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुपरव्हिजन. समुपदेशक आपल्याहून अनुभवी व्यक्तीसमोर ठरलेल्या वेळी बसतो. कुठे अडलंय, कोणती केस घरीही डोक्यातून जात नाही, हे सगळं तिथे मोकळेपणाने बोलतो. ती वेळ कामाच्या तासांत धरलेली असते.

माझी मावसबहीण आपल्याकडे भारतात एका कॉलेजात समुपदेशक आहे. दिवसभर मुलांचं ऐकते आणि संध्याकाळी बसमधून मला मेसेज करते, कारण तिच्यासाठी अशी सोयच नाही. आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. त्या सेवेत बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे देशपातळीवरची सूत्रं आहेत आणि राज्यांतल्या केंद्रांना मार्गदर्शक संस्था जोडून दिल्या आहेत. तसाच आधार कॉलेजात एकट्या बसणाऱ्या समुपदेशकांनाही मिळायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

ज्यांचं हे कामच नाही, त्यांच्यासाठी इथे ऑस्ट्रेलियात मेंटल हेल्थ फर्स्ट एड, म्हणजे मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, आहे. बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या दांपत्याने २००० साली ते सुरू केलं. आता ते कितीतरी देशांत पोहोचलंय. किशोरवयीन मुलांशी संबंध येणाऱ्या मोठ्यांसाठी त्यात वेगळा अभ्यासक्रम आहे. जीव द्यायचे विचार येतात का, हे मुलाला थेट, शांतपणे विचारायला तिथे शिकवतात. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलतं होऊ शकतं. पहिल्यांदा तो प्रश्न मोठ्याने उच्चारताना माझ्या शेजारच्या शिक्षिकेला रडू आलं होतं.

हाच अभ्यासक्रम मंडळात घ्यावा असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवलाय. सुरुवात ढोल-ताशा पथकाच्या दादा-तायांपासून करायची, कारण सरावानंतर गाड्यांपाशी रेंगाळत आमची मुलं त्यांच्याशीच बोलत असतात.