सगळ्याच माद्या

सॅम्पलवर लेबल होतं ‘जंगल, माती’. बास. वरचा पालापाचोळा की खालची माती, जवळपास गुरं चरतात का, काही नाही. गोळा करणाऱ्यांना वाटतं माती म्हणजे माती, बाकीचं लॅबवाले बघून घेतील.

फनेलला लावलं. वरून बल्बची ऊब, माती वरून सुकत जाते तसे जीव खाली सरकतात आणि अल्कोहोलमध्ये पडतात. ही बर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाची १९०५ची युक्ती, तेव्हा गरम पाणी असायचं, बल्ब नंतर स्वीडनच्या टुलग्रेनने आणला.

बाटलीत मॅक्रोकेलिडी कुळातले शिकारी माइट्स (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव) भरपूर. हे कुळ बघायला मला मनापासून आवडतं. लॅक्टिक अॅसिडमध्ये पारदर्शक करायचं, पोट वर करून स्लाइडवर बसवायचं आणि श्वासछिद्र शोधायचं, त्याच्याजवळची खाचेसारखी नळी सरळ न येता मागून वळसा घालून छिद्राला मिळते. वळसा दिसला की निम्मं काम झालं. मग पाठीवरचे केस मोजायचे, आणि इथे नवीन पोरं मोडलेला केस ‘नाहीच’ म्हणून लिहून मोकळी होतात, अरे मुळाशी खळगी दिसतेय ना!

वंश मॅक्रोकेलिस. सगळ्या माद्या, एकही नर नाही, पिल्लं नाहीत. काही जातींत नर नसतातच, त्यामुळे तेवढ्यावर काही बोलता येत नाही, पण पिल्लंही नाहीत म्हणजे इथे वाढलेत कशावरून? या कुळातल्या बऱ्याच जाती शेणात माश्यांची अंडी नि अळ्या खातात, आणि शेण सुकलं की माद्या माशीला किंवा शेणकिड्याला धरून ताज्या शेणावर जातात. एक जात तर लष्करी मुंगीच्या मागच्या पायाच्या टोकाला चिकटून राहते!

मग फेकायला काढलेली सुकी माती ट्रेमध्ये पसरली. चाळणीवर अडकलेला शेणकिडा मिळाला, पायांच्या बेचक्यात दोन माद्या वाळून तशाच घट्ट.

साहेब म्हणाले, मातीत सापडल्या ना, मग जंगलाच्या यादीत धरा. यादी लांबली की रिपोर्ट चांगला दिसतो. मी त्या दोघींच्या स्लाइडवर ‘शेणकिड्यावर’ लिहिलं. पण बाटलीत पडलेल्या बाकीच्या सगळ्या? किड्यावरून ऊब लागल्यावर उतरल्या की आधीच मातीत फिरत होत्या, हे आता कशावरून ठरवायचं? गोळा करणाऱ्याला फोन केला, शेण होतं का जवळ, तर म्हणे बघितलं नाही.