पोरांना घाम आला म्हणून

पाळणाघरांतल्या आणि शाळेनंतरच्या वर्गांतल्या ताईंना मुलांच्या खाण्या-खेळण्याचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. नाशिकच्या सिडको, अंबड, सातपूर या कारखान्यांच्या पट्ट्यात आई-वडील दोघंही कंपनीत; सकाळची शाळा सुटली की पोरं अंधार पडेपर्यंत या ताईंकडेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं श्वास वाढेल अशी मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे. ती झाली तर इथेच होणार. घरी गेल्यावर जेवण, मोबाईल आणि झोप.

खाण्याबद्दल ताईंना मी फार शिकवत नाही, त्यांना येतंच. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाईला नागलीचं, म्हणजे नाचणीचं, महत्त्व मी काय सांगणार? मी पुडे उलटे करून वाचायला लावते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा पहिला आणि साखर दुसरी दिसली की पुढे व्याख्यानाची गरज उरत नाही. पण ती अक्षरं मुंगीएवढी आणि बहुतेक इंग्रजीत. लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की नियमाचं भागतं, दहावी झालेल्या मराठी बाईचं भागत नाही. याचा मला दर वेळी संताप येतो. आणखी एक गोष्ट हातात सुरी देऊन करून घेते: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष द्यायचं नाही, उभे चार तुकडे करायचे. गोल द्राक्ष घशात नेमकं बसतं. नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षांची क्रेट येते, पण हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

माझा जीव खरा खेळाच्या तासात. ताईंनाच डॉजबॉल खेळायला लावते आणि एकीच्या हातात घड्याळ देते. वीस मिनिटांचा खेळ. जी आधी बाद होते ती दोन-तीन मिनिटं पळून उरलेला वेळ पायरीवर बसते. आधी बाद कोण होतं? जड अंगाचं, हळू पळणारं मूल, ज्याला पळायची गरज सगळ्यांत जास्त. म्हणून बाद करणारे खेळ काढायचे किंवा नियम बदलायचा: बाद झालेल्याने जिन्यापर्यंत पळत जाऊन, हात लावून परत आत यायचं. विषामृत आणि साखळी त्यासाठीच उत्तम, कोणी बसूनच राहत नाही. रांगा लांब लावायच्या नाहीत. गृहपाठ राहिला म्हणून खेळ बंद करायचा नाही आणि शिक्षा म्हणून उठाबशा तर कधीच नाहीत. आमच्यासोबतचे क्रीडाशिक्षक अजून कवायतीपासून सुरुवात करतात. माणूस चांगला, पण अर्धा तास ‘विश्राम-सावधान’मध्ये जातो.

गेल्या प्रशिक्षणात हा तास संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक ताई उभ्या राहिल्या. ‘‘मॅडम, हे सगळं मी करत होते. मला बंद करायला लावलं.’’

त्या पार्किंगमध्ये रोज लंगडी आणि साखळी घ्यायच्या. एका आईचा वर्ग चालवणाऱ्या बाईंना फोन आला: पोरगी घामेजून घरी येते, फ्रॉक मळतो, आम्ही फी अभ्यासाची भरतो. दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद, पाढे सुरू. मोड आलेल्या मटकीचंही तेच. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर ‘रोज उसळच का?’ म्हणून विचारणा. मग बिस्किटं आली.

‘‘पगार ते देतात. मी कोणाचं ऐकू?’’

वर्ग चालवणाऱ्या त्या बाई सकाळी प्रशिक्षणाच्या दीपप्रज्वलनाला आल्या होत्या. फोटो झाला आणि गेल्या. आणि या ताईंना प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण! आमच्या अहवालात त्यांचं नाव यशस्वी प्रशिक्षणार्थींमध्ये गेलं. ज्या बाईला सगळं येतं आणि काहीच करू दिलं जात नाही, तिच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. निधी देणाऱ्यांना डोकी मोजायची असतात.

दुपारचा विषय मी बाजूला ठेवला आणि सगळ्यांना याच प्रश्नावर बसवलं. हरसूलकडच्या एक ताई उसळून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडची कविता राऊत घाम न गाळताच पळाली होती का? २०१० ला राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं पदक आणलं तिने.’’ बाकीच्यांनी कामाच्या गोष्टी काढल्या: आधी खेळ, मग अभ्यास, म्हणजे आई येईपर्यंत घाम वाळतो, दप्तरात जुना टी-शर्ट, निघण्याआधी हातपाय-तोंड धुऊन वेणी नीट. यातली एकही सूचना माझी नव्हती.

संयोजकांना मी कळवलंय की पुढच्या वेळी वर्गांचे चालक पूर्ण दिवस बसणार असतील तरच मी येईन. ‘‘मॅडम, मग संख्या कमी होईल,’’ असं उत्तर आलं. होऊ दे. दहा वर्ग आले तरी चालतील, पण निर्णय घेणारा माणूस समोर हवा.

परवा त्या ताईंचा फोन आला. अभ्यासाआधी अर्धा तास खेळायला परवानगी मिळाली आहे. पण घामेजून घरी जाणारी ती मुलगी त्या खेळात नाही. तिच्या आईने स्पष्ट नको सांगितलंय. मला त्या आईचाही राग येत नाही. दिवसभर लाइनवर उभं राहून आल्यावर रात्री फ्रॉक तिलाच धुवायचा असतो. तिची शिफ्ट बदलली की ताई कळवणार आहेत. मग मी स्वतः जाऊन तिच्याशी बोलणार आहे.